आधी प्लग, मग पुढचं!

कुकरची शिट्टी होईनाशी झाली तर आपण काय करतो? कुकर काही भंगारात काढत नाही. आधी गॅस पुरेसा मोठा आहे ना ते बघतो. मग तळाशी पाणी घातलं होतं की नाही ते आठवतो. मग झाकणाच्या कडेने वाफ जातेय का, म्हणजे रिंग सैल झाली आहे का, आणि शेवटी शिट्टीच्या भोकात डाळीचा फेस अडकलाय का. हे सगळं दुसऱ्या हाताने पोळी उलटताना, दोन मिनिटांत होतं. कुणी आपल्याला ते वर्गात बसवून शिकवलेलं नसतं. पण त्याला एक क्रम असतो. सोपं आधी, अवघड नंतर. बाहेरचं आधी, आतलं नंतर. आणि एका वेळी एकच गोष्ट.

पण घरातला कॉम्प्युटर बंद पडला की हीच बाई दोन पावलं मागे सरते आणि घरातला पुरुष, मग तो आठवीतला मुलगा का असेना, पुढे होतो. “तू हात लावू नकोस,” हे वाक्य ठरलेलं. मिक्सर, गिझर, शिलाई मशीन ह्यांना आपण हात लावलेला चालतो, नव्हे, आपणच लावायचा असतो. मग ह्या एका पेटीनेच काय घोडं मारलंय, हे मला कधी कळलं नाही.

तुम्ही म्हणाल, आता घरोघरी मोबाइल झाले, त्या मोठ्या कॉम्प्युटरचं काय कौतुक! खरं आहे. पण मराठीत प्रश्नपत्रिका टाइप करायची, गुणांचे तक्ते करायचे, तर मला अजूनही मोठा पडदा आणि खटखट वाजणारा कीबोर्ड लागतो. आमचा कॉम्प्युटर २०१४ सालचा. शिवाय त्याच्या पोटात एक ठेवा होता. माझ्या सासूबाईंच्या ओव्या.

सासूबाईंचं माहेर वाईजवळच्या खेड्यातलं. जात्यावरच्या ओव्या त्यांना शेकड्यांनी पाठ होत्या. २०१७ आणि २०१८ अशा दोन उन्हाळ्यांत दुपारी आवरासावर झाली की मी त्यांना समोर बसवायची आणि त्यांच्या आवाजात एकेक ओवी भरून घ्यायची. सव्वाशेच्या वर झाल्या. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून नणंदेला सांगलीला दिली होती. ऑगस्ट २०१९च्या महापुरात तिच्या घरात माणसाच्या छातीइतकं पाणी शिरलं, त्यात तीही गेली. २०२१ साली सासूबाई गेल्या. आता तो आवाज होता तो फक्त ह्या पेटीत.

२०२५ची दिवाळी सरली आणि एका संध्याकाळी विजा कडाडायला लागल्या. दिवे दोनदा गेले, दोनदा आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं तर पेटी ढिम्म. आवाज नाही, दिवा नाही. ह्यांनीही एकदोनदा दाबून बघितलं आणि म्हणाले, “जाऊ दे, अकरा वर्षं झाली. नवाच घेऊन टाकू.” पुण्याच्या भाऊजींना फोन लावला, तर ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही उघडायच्या भानगडीत पडू नका. शॉक बसेल उगाच.”

मी दोघांचंही ऐकून घेतलं आणि घर रिकामं झाल्यावर टेबलाशी जाऊन बसले.

मूल रडतंय एवढ्यावर डॉक्टर औषध देत नाहीत. पोटात दुखतंय की कानात, ते विचारतात. तसंच “कॉम्प्युटर सुरू होत नाही” ह्या एका वाक्यात चार निरनिराळी दुखणी असतात. पहिलं म्हणजे दिवा, पंखा, आवाज काहीच नाही. हे विजेचं दुखणं. दुसरं, पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच. तिसरं, आतून टूं टूं असा बीप ऐकू येतो. आणि चौथं, पडद्यावर कंपनीचं चिन्ह दिसतं, पण पुढे गाडी सरकत नाही. आपलं दुखणं ह्या चारांतलं कुठलं, एवढं ओळखलं की निम्मं काम झालं. दुरुस्तीवाल्यालाही मग आपल्याला वाटेल ते सांगता येत नाही.

आमचं दुखणं पहिलं होतं. मग मी कुकरचाच क्रम लावला. भिंतीवरच्या बोर्डाला टेबललॅम्प लावून पाहिला. लागला. म्हणजे बोर्ड ठीक. एक्स्टेन्शन आणि यूपीएस बाजूला ठेवून कॉम्प्युटरची वायर थेट भिंतीत लावली. काही नाही. मग वायरच बदलली. पुष्कळ मॉनिटरना जी वायर लागते तीच कॅबिनेटलाही लागते, हे लक्षात ठेवा. त्यासाठी बाजारात धावायला नको. कॅबिनेटच्या मागे, वायर लागते तिथे, एक छोटं बटण असतं. एका बाजूला उभी रेघ, दुसऱ्या बाजूला शून्य. रेघ म्हणजे चालू. केर काढताना झाडूचा दांडा लागून ते कधी कधी शून्यावर जातं. आमचं रेघेवरच होतं. प्रिंटर, पेनड्राइव्ह, सगळं काढलं. वीज पूर्ण तोडून पुढचं बटण तीसएक सेकंद दाबून धरलं; आत उरलेली वीज त्याने निघून जाते, आणि कधी कधी तेवढ्यानेही यंत्र शुद्धीवर येतं. आमचं नाही आलं.

आता शॉकचं. वीज भिंतीतून येते ती २३० व्होल्टची. ती आत जाते एका पत्र्याच्या बंद डब्यात. त्याला एसएमपीएस म्हणतात. तो डबा तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असे लहान लहान घास करून बाकीच्या भागांना भरवतो. म्हणजे प्लग काढल्यावर बाकी पेटी उघडायला धोका नाही. पण तो पत्र्याचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या पोटात वीज साठून राहते. एवढं एक पथ्य पाळलं की भाऊजींची काळजी मिटते. उलट, चालू कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर त्याला हसून सोडून देऊ नका. घरातलं अर्थिंग बिघडल्याची ती खूण असते. आधी वायरमनला बोलवा.

मागचे दोन स्क्रू काढून मी कडेचा पत्रा सरकवला. आत धूळ होती, एक वाळलेलं झुरळ होतं, पण जळका वास नव्हता. मदरबोर्डवर छोट्या डब्यांसारखे गोल कपॅसिटर असतात; त्यांची डोकी फुगलेली असली की बोर्ड आजारी समजायचा. आमची सगळी सपाट होती. म्हणजे संशय उरला तो त्या पत्र्याच्या डब्यावर. पुढचं काम माझ्या हातातलं नव्हतं, म्हणून पेटी रिक्षात घालून बाजारपेठेतल्या एका दुकानात नेली.

तिथल्या मुलाने पेटी उघडलीसुद्धा नाही. बटण दोनदा दाबलं आणि म्हणाला, “मॅडम, मदरबोर्ड उडाला. ह्याचे पार्ट आता मिळत नाहीत. आणि तसंही विंडोज टेन बंद झालं. नवाच घ्या, चांगला लावून देतो.” मी विचारलं, आतल्या फाइलींचं काय? तर म्हणे, “बोर्ड गेला म्हणजे डेटाचं सांगता येत नाही. पाच हजार लागतील, तरी गॅरंटी नाही.”

नवा म्हणजे पस्तीस-चाळीस हजारांची गोष्ट. पण माझ्या पोटात गोळा आला तो त्या दुसऱ्या वाक्याने. क्षणभर वाटलं, द्यावेत पाच हजार. मग मनाशी म्हटलं, थांब. मदरबोर्ड म्हणजे ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. ओटा फुटला म्हणून फडताळातले डबे कसे जातील? फोटो, पत्रं, हिशेब, आवाज, सगळं राहतं ते हार्ड डिस्कमध्ये. बोर्ड जळला तरी डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते. विजेच्या दणक्याने डिस्कसुद्धा जाऊ शकते, नाही असं नाही. पण ती लावून बघितल्याशिवाय कुणीही तसं सांगू शकत नाही. आणि विंडोज टेनचं म्हणाल, तर १४ ऑक्टोबर २०२५ला कंपनीने त्याच्या मोफत दुरुस्त्या पाठवणं थांबवलं, एवढंच. त्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नयेत हे खरं. पण त्यामुळे कॉम्प्युटर मरत नाही. मी “घरी विचारून सांगते” म्हटलं आणि पेटी परत घेऊन आले. मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्याला पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडतं!

आमच्या आळीत एक वयस्कर गृहस्थ आहेत. पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटरही करतात. त्यांच्याकडे पेटी ठेवली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “बाई, आत काय आहे तुमचं?” मी सांगितलं. ते म्हणाले, “मग आधी ते काढू. पेटीचं मागनं बघू.”

घराला आग लागली की आधी माणसं बाहेर काढायची, भांड्याकुंड्यांचं मग. त्यांनी डिस्क सोडवली आणि एका छोट्या खोबणीत बसवली. मोठ्या कॉम्प्युटरच्या डिस्कला नुसती यूएसबीची वीज पुरत नाही, म्हणून त्या खोबणीला वेगळा अ‍ॅडॉप्टर असतो. त्यांनी कान लावून ऐकलं. डिस्क टकटक वाजत असेल तर लगेच बंद करायची, पुनःपुन्हा चालवून बघायची नाही, असं ते म्हणाले. ती वाजली नाही. नुसती घुमायला लागली, एखादी भुंगी घुमावी तशी. त्यांच्या कॉम्प्युटरवर पिवळ्या रंगाचे फोल्डर एकेक करत उमटले. “कुठलं?” त्यांनी विचारलं. मी बोट दाखवलं.

आधी पंख्याची घरघर ऐकू आली, मग बांगड्यांचा आवाज, मग खाकरणं. आणि मग सासूबाई म्हणाल्या, “सुरू झालं का गं ते?”

दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती. मी पदराने डोळे पुसले. काकांनी काही विचारलं नाही, नवा पेनड्राइव्ह मात्र लगेच लावला. सगळ्या ओव्या उतरेपर्यंत आम्ही कुणीच फारसं बोललो नाही.

मग पेटीची पाळी. काकांनी एसएमपीएस सोडवून बाहेर घेतला आणि त्याच्या मोठ्या, २४ पिनांच्या तोंडातली हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडून दाखवली. चांगला असेल तर त्याचा पंखा फिरतो. आमचा फिरला नाही. (हे घरी करून बघायचं नाही हं. बघायला मिळालं तर बघावं, एवढंच.) विजेच्या दणक्याने तो एकटा गेला होता. पुष्कळदा तो असा स्वतः मरून बाकीच्यांना वाचवतो, असं काका म्हणाले. नव्याचे साडेनऊशे रुपये पडले. मदरबोर्ड ठणठणीत होता.

पण गोष्ट इथे संपली नाही. घरी आणून लावला तर पंखा फिरला, दिवा लागला, पडदा मात्र काळा, आणि आतून एकसारखा बीप. म्हणजे पहिलं दुखणं जाऊन दुसरं आणि तिसरं आलं. हे मात्र “परत बिघडलं” असं नव्हतं. त्या बीपला अर्थ असतो. कॉम्प्युटर सुरू होताना आधी स्वतःची तपासणी करतो, आणि पडद्यावर लिहिण्याआधीच काही अडलं तर तो आवाज करून सांगतो. कुठल्या आवाजाचा अर्थ काय, हे बोर्ड बनवणाऱ्यावर अवलंबून असतं. पण पुन्हापुन्हा होणारा लांब बीप पुष्कळदा रॅमकडे बोट दाखवतो. काही नवीन मशीनना बीप नसतो, तिथे बोर्डावर बारीक दिवे लागतात. आमचा रॅम रिक्षाच्या खड्ड्यांत हलला असणार, हे उघड होतं.

प्लग काढला. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला, म्हणजे आपल्या अंगातली स्थिर वीज निघून जाते. थंडीच्या दिवसांत स्वेटर काढताना चटचट होतं ना, तीच. रॅमची पट्टी म्हणजे चॉकलेटच्या लांब पाकिटाएवढी. तिच्या टोकाची खिटी दाबली की ती वर उचलली जाते. तिच्या सोनेरी दातांवरून मुलाचा मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवला, कोरड्या कपड्याने कण झटकले आणि पट्टी परत बसवली. तिला एक खाच असते, त्यामुळे ती उलटी बसतच नाही. “टक” असा आवाज येईपर्यंत दाबायची. ह्यांनी बॅटरी धरली होती आणि “जपून, जपून” चाललं होतं. तोंडाने फुंकर मात्र मारायची नाही, श्वासातला ओलावा बसतो. कोरडा मऊ ब्रश घ्यावा.

बटण दाबलं आणि पडदा उजळला. त्यावर तारीख होती जानेवारी २०१४! सगळे हसलो. तारीख मागे गेली म्हणजे आतला गोल सेल संपला. तो सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. घड्याळ आणि सुरुवातीच्या नोंदी तो जपतो. चाळीस रुपयांना मिळाला, दोन मिनिटांत बसला. सगळा खर्च धरून हजाराच्या आत. भाऊजींना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, आमच्याकडचाही एक पडून आहे हो!”

चौथ्या दुखण्याबद्दल दोन शब्द. चिन्ह दिसून गाडी तिथेच अडली तर आधी मागे-पुढे लावलेला पेनड्राइव्ह काढा. कधी कधी कॉम्प्युटर त्यातूनच सुरू व्हायला बघतो आणि अडून बसतो. डिस्क सापडत नाही असा निरोप आला तर डिस्कच्या वायरी नीट बसल्यात का ते बघायला सांगा. आणि “फॉरमॅट मारून देतो” असं कुणी म्हणालं, तर आधी फाइलींची प्रत काढून घेतल्याशिवाय हो म्हणू नका. फॉरमॅट म्हणजे फडताळ रिकामं करून धुणं. डबे आधी काढायला नकोत का? नुसता पडदा काळा असेल, तर मॉनिटरची स्वतःची वायर आणि त्याचा दिवाही बघा. दिवा पिवळसर किंवा लुकलुकणारा असला तर मॉनिटर जागा आहे, त्याला कॅबिनेटकडून काही मिळत नाही, असं समजावं.

ह्या सगळ्यात “बायकांना त्यातलं काय कळतंय” हे ज्यांना म्हणायचं असेल, त्यांना एक गोष्ट सांगावी. अमेरिकेत फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनियाक नावाचा खोलीभर कॉम्प्युटर बांधला गेला. फेब्रुवारी १९४६मध्ये तो जगाला दाखवला. त्यात सुमारे अठरा हजार काचेच्या व्हॉल्व्ह होत्या. त्याच्याकडून गणितं करून घ्यायचं काम सहा जणींकडे होतं. के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिख्टरमन. त्यांना कुणी शिकवणीचं पुस्तक दिलं नव्हतं. नकाशे मांडून त्या यंत्र शिकल्या आणि ते अडलं की कुठली व्हॉल्व्ह गेली इथपर्यंत शोधून काढण्यात तरबेज झाल्या. जगातल्या पहिल्या कॉम्प्युटर-दुरुस्त करणाऱ्यांत बायका होत्या म्हणा ना!

दुसरी गोष्ट ९ सप्टेंबर १९४७ची. हार्वर्डचं मार्क टू हे यंत्र अडलं, तेव्हा आत एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या माणसांनी तो काढून टाकला नाही. नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि पुढे टीप लिहिली. ग्रेस हॉपर ह्या त्या गटातल्या गणितज्ञ बाईंनी पुढे ही हकिकत साऱ्या जगाला सांगितली. ती वही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवली आहे. मला त्यातला पतंग नाही, वही महत्त्वाची वाटते. काय झालं, केव्हा झालं, काय केल्यावर सुटलं, हे लिहून ठेवलं की पुढच्या वेळी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

म्हणून गॅसच्या टाकीची तारीख आपण जिथे लिहितो, त्याच वहीत एक पान कॉम्प्युटरला द्या. घेतल्याचं साल, एसएमपीएस बदलल्याची तारीख, सेल कधी घातला, दुरुस्तीला किती गेले. विजा चमकायला लागल्या की नुसतं बटण बंद न करता प्लगच काढा. विजेपुढे स्पाइकगार्डचा भरवसा नाही. आणि जे गेलं तर पुन्हा मिळणार नाही, त्याच्या तीन प्रती करा. एक कॉम्प्युटरमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी. एकाच घरात ठेवलेल्या तीन प्रती पुराला किंवा आगीला एकच असतात.

ओव्यांची एक प्रत मी पुन्हा नणंदेकडे पाठवली आहे. ह्या वेळी तिने ती माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या खोक्यात ठेवली आहे, असं तिने फोनवर सांगितलं.